सड्यावरच्या वणव्याआधी

आमची काजू प्रक्रियेची शेड सिंधुदुर्गातल्या एका सड्याला, म्हणजे कातळाच्या सपाट माळाला, लागून आहे. पावसाळ्यात माजलेले गवत डिसेंबरपर्यंत वाळते, आणि मग न विझवता टाकलेली विडी किंवा वाऱ्याने घासणाऱ्या वीजतारांची ठिणगीही वणव्याला पुरते. म्हणून शेडभोवतीचा पट्टा आम्ही नोव्हेंबरअखेरीसच, गवत अर्धवट ओले असताना, मातीपर्यंत साफ करतो. खरे तर हे काम साऱ्या वाडीने मिळून करायला हवे.

मला सर्वाधिक धास्ती टरफलांची वाटते. त्यांत ज्वलनशील तेल असते, बॉयलरच्या जळणासाठी ती साठवावी लागतात, आणि उघड्यावरचा ढीग पेटला की तो आवरणे फार कठीण जाते. त्यामुळे यंदा ती शेडपासून दूर, चिऱ्याच्या बंद खोलीत हलवली आहेत. पंप डिझेलवर चालणारा घेतला, कारण आगीत वीज जाण्याची शक्यता मोठी असते.

विम्याचे कागद स्वतः वाचावेत. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत वणव्याचा धोका समाविष्ट आहे, परंतु ती इमारत, यंत्रे आणि मालासाठी आहे. शेजारच्या बागेतल्या आंब्याच्या कलमांचा विचार आम्हाला वेगळा करावा लागला. त्यांच्या बुंध्याखालचा पालापाचोळा सध्या आम्ही गोळा करून खड्ड्यात कुजवत आहोत.