तन्मय ओंकारच्या प्रेमात का पडत नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, आणि यापुढे हा प्रश्न आला की हेच वाचायला देईन. माझ्या किशोर कादंबरीतील ओंकार समलिंगी आहे, तन्मय नाही. ओंकारने सांगितल्यावर तन्मय काही दिवस तोंड चुकवतो, मग माटुंगा रोडच्या पुलावर त्याला गाठतो, तुला कधी कळले, घरी ठाऊक आहे का, मी तुला तसा आवडतो का, असे एकामागून एक विचारत सुटतो, उत्तरांनी घाबरतो आणि तरीही निघून जात नाही. पुढे बारावीचे वर्ष सरते आणि दोघे मित्रच राहतात. इतके जवळ आणून त्यांना एकत्र का आणले नाही, असे वाचक विचारतात. तुम्ही समाजाला घाबरलात, असेही काही जण तोंडावर म्हणतात.

हा आरोप मला लागतो. आता कायदा बदलला आहे, मग अडचण कोणती, असे म्हणणाऱ्यांना मी सांगत आलो आहे की सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. अठराच्या आतील मुलांचा त्यात विचार नव्हता, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. परंतु मी कायद्याच्या आड लपत नाही. मला हवे असते तर मी दोघांना प्रेमात पाडले असते. कादंबरीत तेवढे करायला कोणाची परवानगी लागत नाही. मी तसे केले नाही, कारण सोळाव्या वर्षी माझ्याकडून जे गेले ते प्रेम नव्हते.

तेव्हा मी अकरावीत होतो आणि आम्ही दादरला राहत होतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी मी माझ्या सर्वांत जवळच्या मित्राला माझ्याविषयी सांगितले. तो ‘बरं’ म्हणाला, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग क्लासला उशीर होतोय म्हणाला. शिवी नाही, किळस नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या शनिवारी आम्ही सात-आठ जण राजमाचीला गेलो. रात्रीच्या कर्जत लोकलने जायचे आणि कोंदिवड्याहून चढायचे, हा तेव्हाचा आमचा नेहमीचा बेत. रविवारचा दिवस श्रीवर्धन आणि मनरंजन हे तिथले दोन बालेकिल्ले पाहण्यात गेला आणि दुसऱ्या रात्री उधेवाडीतल्या एका घरी पिठले-भाकरी खाऊन आम्ही त्यांच्याच पडवीत पथाऱ्या टाकल्या. प्रत्येक ट्रेकला मी आणि तो शेजारी झोपत असू. एकच चादर दोघांना पुरवायची सवय होती. त्या रात्री मी त्याच्या शेजारी सतरंजी अंथरली, तेव्हा तो काही न बोलता उठला, आपली सॅक उचलून आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. बाकीच्यांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांच्यापैकी दोघे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून घोरत होते. मी पहाटेपर्यंत जागा होतो आणि माझा हात चुकूनही त्या सॅकला लागू नये म्हणून अंग आवळून पडलो होतो. परतताना लोकलमध्ये जागा असूनही तो दारात उभा राहिला.

आपल्या शहरात मुलगे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात, गाडीत एकमेकांवर रेलून झोपतात, आणि कोणी वळूनही पाहत नाही. माझ्यासाठी ते त्या रात्रीपासून संपले. त्याने पुढेही मला नोट्स दिल्या, माझे गुपित कोणाला सांगितले नाही, आपल्या लग्नाला आग्रहाने बोलावले आणि मी गेलोही. तो वाईट माणूस नव्हता, हे मी त्याची बाजू घेऊन सांगतो. मात्र माझ्या खांद्यावर त्याने पुन्हा कधी हात ठेवला नाही.

मग त्याच्यावर तुमचे प्रेम होते का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. होय, काही महिने होते. त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा नव्हती, आणि ते कट्ट्यावर बोलण्याच्या आधीच ओसरले होते. मला मित्र हवा होता.

तरीही पहिल्या खर्ड्यात मी तन्मयला प्रेमात पाडले होते. तो खर्डा लिहिणारा तरुण मी अजूनही माझ्याशी भांडतो. निदान कागदावर तरी मिळू दे, असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मला सहज मोडता येत नाही. मी त्याला एवढेच विचारतो, की तन्मयही मनातून ओंकारसारखाच निघाला, तर तो पुलावर थांबला त्याचा अर्थ काय उरतो? जो स्वतः तसा आहे तोच थांबतो, बाकीचे मध्ये सॅक ठेवतात, हेच त्या पुस्तकाने वाचणाऱ्या मुलाला सांगितले असते. ज्याचा यात काहीही स्वार्थ नाही, ज्याला लोक उद्या ‘हाही तसलाच’ म्हणतील, असा मुलगा पुन्हा शेजारी येऊन बसतो, हे मला लिहायचे होते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या १९८१ च्या नाटकात मित्रा नावाच्या समलिंगी तरुणीची हकिकत तिचा मित्र बापूच सांगतो. पण ती सांगायला तोच मागे उरतो, कारण मित्रा आत्महत्या करते. माझ्या ओंकारने जगावे आणि तन्मयने त्याच्याबरोबर बारावीचा अभ्यास करावा, एवढा माझा हट्ट होता.

याने मी जिंकलो असे समजू नका. डोंबिवलीच्या एका कार्यक्रमानंतर एक मुलगा सगळे जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, “सर, मला मित्र आहेत, चांगले आहेत. पण प्रत्येक गोष्टीत आम्हाला मित्रच का मिळतो? बाकीच्यांना तर दोन्ही मिळतं.” मी त्याला राजमाचीची रात्र सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “ते तुमचं झालं.” त्याचे बरोबर होते आणि माझेही चुकले नव्हते, यापलीकडे मला अजून जाता आलेले नाही. त्याच्यासाठी प्रेमाची वेगळी कादंबरी लिहायला हवी, आणि ती मी लिहायला घेतली आहे. तिच्यात ओंकार असेल की नाही ते अजून ठरलेले नाही. नव्या आवृत्तीत शेवट बदला, असे प्रकाशकांनी सुचवले होते. त्यांना मी नकार कळवला आहे.