कापूस आणि मिरी

आज आमच्या दोन्ही सशांना पहिल्यांदा एकत्र सोडलं. आमच्या घरी नाही, मंगळवार पेठेत आत्याच्या रिकाम्या खोलीत. तिथं दोघांपैकी कुणाचाच वास नाही.

कापसाचं नसबंदीचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, मिरीचं चार. तरी सोडल्या सोडल्या कापूस तिच्या पाठीवर! आत्या म्हणाली, "अगं, मग ऑपरेशनचा उपयोग काय?" तिला सांगितलं, हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातात. शिवाय यात वरचढ कोण हेही ठरत असतं. मादीसुद्धा असं करते. थोडं चालू द्यायचं. पण तो तिच्या तोंडाकडून उलटा चढला की लगेच बाजूला घ्यायचा, कारण तिनं त्याच्या नाजूक जागी चावा घेतला तर फार वाईट जखम होते. दोनदा घेतला.

एकदा मिरी गुरगुरली, पांढऱ्या केसांचा पुंजका फरशीवर पडला. पोटात गोळाच आला माझ्या.

मग मधे कोथिंबिरीची जुडी ठेवली. दोघं दोन बाजूंनी खात आली. खाऊन झाल्यावर मिरीनं हनुवटी फरशीला टेकवली आणि कापसानं तिचं कपाळ चाटलं. तीनचारदाच, पण चाटलं!

फुलेवाडीला येताना एकाच पेटीत आणली. रंकाळ्याजवळ रिक्षा हादरली की एकमेकांना चिकटायची. रात्री पिंजरे वेगळेच. उद्या परत आत्याकडे.