दिंगलिंगचं भुयार: उतरण्याआधी हे वाचा

बीजिंगच्या उत्तरेला मिंग घराण्याचे तेरा सम्राट पुरले आहेत, पण रीतसर उत्खनन झालेली समाधी एकच: वानली सम्राटाची, म्हणजे दिंगलिंग. जमिनीखाली उतरायचं असेल तर इथेच. ‘मिंग समाध्या’ एवढंच लिहिलेल्या बऱ्याच सहली चांगलिंग या दुसऱ्या समाधीला नेतात. तिथला नानमू लाकडाच्या ६० खांबांचा महाल देखणा आहे, पण भुयार बंद. पैसे भरण्याआधी ‘दिंगलिंग’ हे नाव लेखी घ्या आणि जेडच्या दुकानात थांबणार का, तेही विचारा. थांबणार असतील तर सहल सोडा.

खरा ताप पोहोचण्याचा. मेट्रोच्या चांगपिंग लाइनवर समाध्यांच्याच नावाचं स्टेशन आहे आणि लोक तिथेच फसतात. समाध्या तिथून काही किलोमीटर लांब आहेत. बाहेर उभे असलेले गाडीवाले हे ओळखूनच भाव सांगतात. तिथे उतरूच नका. चांगपिंग दोंगग्वानला उतरून ३१४ नंबरची बस धरा. किंवा शहरातूनच, देशेंगमेनहून, ८७२ पकडा. ‘आज बस नाही’ सांगत कुणी अंगाशी आलं तर थांबू नका, सरळ थांब्यावर जा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच पाहून ठेवा. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर दर ६० युआन, एरवी ४०.

समाधी २७ मीटर खोल आहे. जिने उतरायचे आणि चढायचेही, त्यामुळे गुडघे दुखत असतील त्यांनी वरूनच परतावं. खाली गार आणि दमट असतं, उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी हवं. रस्ता उलटा आहे: बाजूच्या दालनातून शिरून आधी मागचं शवपेट्यांचं दालन लागतं, संगमरवरी सिंहासनं त्यानंतर. लाल पेट्या नकली आहेत. मूळ पेट्या १९५९ मध्ये फेकून दिल्या गेल्या, आणि सम्राटाची व दोन्ही राण्यांची हाडं १९६६ मध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांच्या जथ्यांनी, जाळली. हे माहीत नसलेले लोक त्या पेट्यांपुढे नोटा टाकतात.

अस्सल पाहायचं तर दरवाजे पाहा. एकेक दगडी कवाड सुमारे ४ टनांचं. आतल्या बाजूला जमिनीतल्या खाचेत उभा दगड असायचा. दार ओढून घेतलं की तो कलंडून कवाडाला टेकायचा आणि दार आतून बंद व्हायचं. १९५७ मध्ये संशोधकांनी फटीतून वाकवलेली सळई घालून तो मागे सारला. बहुतेक गट इथे थांबतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

आत सापडलेलं रेशीम नीट जपता आलं नाही, ते काळं पडून कडक झालं. त्यानंतर चीनने सम्राटांच्या समाध्या मुद्दाम उकरणं थांबवलं. राणीचा नऊ ड्रॅगन, नऊ फिनिक्सचा मुकुट तियानआनमेनजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्रवेश फुकट, पण पासपोर्टवर आगाऊ नोंदणी हवी, आणि सोमवारी बंद असतं.