सिस्टरचे हात नाही, बेसिन!

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, आयसीयूचे कल्चर, म्हणजे पेशंटच्या नमुन्यांतून जंतू वाढवून बघायच्या तपासण्या, माझ्याकडेच येतात. तीन आठवड्यांत चार पेशंटना क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू निघाला, चौघांचाही मेरोपेनेमला, म्हणजे एका भारी अँटिबायोटिकला, रेझिस्टंट, आणि चौथा रिपोर्ट मी साइन करेपर्यंत वर आयसीयूत ठरूनही गेलं होतं की हे एका सिस्टरच्या हातांनी पसरलंय, कारण चारपैकी तीन बेड तिच्याकडे होते. खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. अँटिबायोग्राम, म्हणजे कुठलं औषध जंतूवर चालतं आणि कुठलं नाही याची यादी, चारही सारखे होते ना.

पण अँटिबायोग्राम सारखा म्हणजे जंतू एकच असं नसतं, म्हणून चारही पेशंटचे वाढवलेले जंतू होल जीनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचायला, पाठवले, सोबत बेसिनच्या ड्रेनमध्ये वाढलेला क्लेब्सिएलापण. 2011 मध्ये अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलात असाच क्लेब्सिएला 18 पेशंटपर्यंत गेला होता आणि तिथेही तो बेसिनच्या ड्रेनमध्ये सापडला होता, ते डोक्यात होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. या जंतूचा जीनोम साधारण 55 लाख अक्षरांचा, आणि तीन पेशंटमध्ये फरक फक्त दोन-तीन अक्षरांचा, म्हणजे साखळी एकच. चौथा मात्र हजारो अक्षरांनी वेगळा, त्याचा या तिघांशी संबंधच नाही! मेरोपेनेम निकामी करणारा एनडीएम जीन त्याच्यातही होता, पण तो जीन प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या छोट्या कड्यावर, बसून एका जंतूतून दुसऱ्यात जातो, त्यामुळे औषधं सारखीच फेल होतात आणि आपण फसतो. सिस्टरवर बोट उठलं ते या चौथ्यावरूनच.

आणि ड्रेनमधला जंतू तिघांशी जुळला. आता नुसतं जुळलं म्हणजे ड्रेनमधून पेशंटकडे गेला की पेशंटकडून ड्रेनमध्ये, हे कळत नाही, म्हणून तारखा काढल्या. पहिला पेशंट हलवल्यावर नऊ दिवसांनी दुसरा आला, दोघं एकत्र कधी नव्हतेच, मधले नऊ दिवस जंतू राहिला कुठे? नळाची धार थेट जाळीवर पडायची, पेशंटना नळीतून देऊन उरलेलं फीड तिथेच ओतायचे, आणि शिंतोडे उडतील अशा हातभर अंतरावर इंजेक्शनचा ट्रे.

आयसीयूला रिपोर्टचा मेल पाठवायच्या आधी मी वर जाऊन सिस्टरला स्वतः सांगितलं, सॉरीपण म्हटलं. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, तो ट्रे आत्ताच हलवूया का?" आम्ही दोघींनी मिळून हलवला.