बोटीचं बिल्ज (तळातली पाणी साचायची जागा) उथळ असेल तर पंपाला स्विच कुठला लावायचा? चार दिवस समुद्रावर करून पाहिलं ते लिहितेय

मागच्या मोसमात एका रात्री झोपायला गेले तर बर्थखालच्या लॉकरमधले कपडे, चार्ट, टॉर्चचे सेल सगळं भिजलेलं, आणि बिल्जचा पंप दिवसभरात एकदाही चालला नव्हता. पंप बिघडला असेल असंच वाटलं आधी, पण हाताने स्विच टाकला तर पंप मस्त सुरू झाला. म्हणजे पाणी बोटीत होतं, पंप चांगला होता, फक्त पाणी चढलं की आपोआप पंप लावणाऱ्या स्विचला पाणी दिसलंच नव्हतं. तेव्हाच दादाने आणि मी ठरवलं की पुढची फेरी याच्यासाठीच करायची. चार दिवस, तीन मुक्काम नांगरावर, आणि सोबत तीन वेगवेगळे स्विच. फिरणं होईलच पण मुख्य काम हेच.

बोट कशी आहे ते आधी सांगते नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. शिडाची, नऊ मीटरची, तळ जवळजवळ सपाट आणि खाली पातळ कील (तळाखालचं उभं पातं) बोल्टने बसवलेली. जुन्या खोल पोटाच्या बोटीत पाणी एका खड्ड्यात जाऊन बसतं, आमच्यात तसा खड्डाच नाही. फळ्या उचलल्या की ६० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद असा एक ताटासारखा भाग आहे, त्याची खोली ७ सेंमी, बस. म्हणजे १ सेंमी पाणी चढायला साधारण २.७ लिटर लागतात. हा हिशोब आम्ही निघायच्या आधी धक्क्यावरच केला, लिटरचा जग घेऊन पाणी ओतत गेलो आणि स्टीलच्या पट्टीने उंची मोजत गेलो. तुम्ही दुसरं काही नाही केलंत तरी एवढं कराच, अर्धा तास लागतो आणि पुढची सगळी उत्तरं त्यातच असतात.

दुसरं एक काम आधीच केलं होतं ते फार उपयोगी पडलं. स्विचच्या वायरी थेट पंपाला न जोडता वर, बिल्जपासून हातभर उंचीवर एक टर्मिनल ब्लॉक (वायरी जोडायचा ठोकळा) बसवला. त्यामुळे एक स्विच काढून दुसरा लावायला दहा मिनिटं पुरली, आणि जोडणीही पाण्यात राहिली नाही.

पहिल्या दिवशी जुनाच फ्लोट स्विच ठेवला, तो बिजागरीवर वरखाली होणारा हात असतो ना तो. आमच्या मोजणीत तो ५ सेंमीला चालू होतो आणि २ सेंमीला बंद. निघताना मुद्दाम १० लिटर गोडं पाणी बिल्जमध्ये ओतलं, सपाट असताना ते पावणेचार सेंमीच्या आसपास भरलं. वारा बाजूने आणि चांगला होता, बोट २० अंश कललेली, चार तास एकाच टॅकवर, म्हणजे वारा सतत एकाच बाजूने. पंप लागला नाही, पाणी ५ सेंमीपेक्षा कमी होतं म्हणून तसाही लागला नसता, पण खरी गोष्ट पुढे दिसली. फळी उचलून बघितलं तर मध्ये, जिथे स्विच आहे तिथे, जेमतेम बोटाच्या जाडीएवढं पाणी, आणि बाकी सगळं वाऱ्याखालच्या बाजूला जाऊन ताटाच्या कडेवरून लॉकरच्या मागे उतरलेलं. यात नवल काहीच नाही खरं तर, २० अंशांवर दर १० सेंमी रुंदीला साडेतीन सेंमीचा फरक पडतो, म्हणजे मधल्यापासून कडेपर्यंतच ८ सेंमी झाले आणि आमची खोली आहे ७. पण कागदावर कळणं वेगळं आणि लॉकरमध्ये हात घालून गार पाणी लागणं वेगळं.

म्हणून पहिला धडा हा की उथळ बिल्जमध्ये बोट एवढी कललेली असताना मधला कुठलाच स्विच तुम्हाला वाचवणार नाही, कितीही भारी घ्या. त्यावर आम्ही जे करतो ते साधं आहे. लांब टॅक असेल तर दर दोन तासांनी पाच मिनिटं शिडं सैल सोडून बोट सरळ करायची, पाणी मध्ये येऊ द्यायचं आणि पंप हाताने चालवायचा. शिवाय दोन्ही बाजूंच्या लॉकरच्या तळाला एकेक छोटा पाण्याचा अलार्म ठेवलाय, तो पंप चालवत नाही, फक्त ओरडतो. तेवढं पुरतं.

संध्याकाळी नांगर टाकला, पाणी हळूहळू मध्ये परत आलं, आणि मग दुसरी गंमत सुरू झाली. थोडीशी उसळी होती, बोट हलली की ते पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं, फ्लोटचा हात क्षणभर वर, पंप क्षणभर चालू, की लगेच बंद. पाणी बाहेर जातच नव्हतं, पाइपमध्ये अर्ध्यावर चढायचं आणि परत खाली. फ्लोट स्विचमध्ये थांबून बघण्याची सोय नसते, हात उचलला गेला की करंट सुरू. त्याचा हात बोटीच्या लांबीच्या दिशेने ठेवला तर हे थोडं कमी होतं, आमचा आडवा बसवलेला होता, तुमचा कसा आहे ते बघून घ्या.

सकाळी तो काढला तर हाताच्या खाली लाकडाचा एक छिलका अडकायच्या बेतात होता. हा छिलका नीट अडकला असता तर हात खाली आलाच नसता आणि पंप कोरडाच चालत राहिला असता. ३ अँपिअरचा पंप दहा तास चालला म्हणजे ३० अँपिअर-तास गेले, आमच्यासारख्या छोट्या बॅटरीचा त्यात जीवच जातो. फ्लोट स्विच वाईट अजिबात नाही, खोल जागेत तो वर्षानुवर्षं चालतो आणि हाताने उचलून तपासता येतो हा त्याचा मोठा गुण, पण त्याला खोली लागते आणि जागा स्वच्छ लागते.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावला. यात हलणारा भागच नाही, पाणी समोर आलं की त्याला कळतं, आणि पाणी काही सेकंद सतत असेल तरच तो पंप चालू करतो त्यामुळे उसळीला फसत नाही. शिवाय पाणी उतरल्यावरही थोडा वेळ पंप चालू ठेवतो. माझा सगळा जीव याच्यावरच होता. दादा म्हणाला जितका खाली लावशील तितकं बिल्ज कोरडं राहील, मलाही पटलं, म्हणून २ सेंमीवर लावला.

रात्री साडेबाराला दादाने हाक मारली, "अगं ऐक, हा परत लागला." मी उठले, दोघं टॉर्च घेऊन फळ्या उचलून बसलो. पंप चालू, पाणी बाहेर, पंप बंद, आणि पस्तीस सेकंदांनी परत चालू. बोट स्थिर, कुठून पाणी येत असल्याचं दिसत नाही. दादाला वाटलं कुठेतरी हल (बोटीचं बाहेरचं अंग) फुटलाय आणि खरं सांगते माझ्याही पोटात गोळा आला. ग्लँड (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी) बघितला, सीकॉक (बोटीच्या अंगातल्या भोकांवरचे नळ) बघितले, सगळीकडे हात फिरवला, कोरडं. मग पंप बंद झाल्यावर नुसतं कान देऊन ऐकलं तर पाइपमधून गुळगुळ आवाज येत होता. पाइपातलंच पाणी परत खाली येत होतं!

आमचा पाइप २८ मिमीचा आणि ३ मीटर लांब. त्यात मावतं जवळजवळ १.८ लिटर. म्हणजे पंप बंद झाला की पावणेदोन लिटर पाणी परत बिल्जमध्ये, उंची वाढते ०.७ सेंमी. आता बघा, पाण्यात बुडवायचा जो साधा पंप असतो तो साधारण दीड सेंमीच्या खाली पाणी उचलूच शकत नाही, हवा ओढायला लागतो. तर दीड अधिक ०.७ म्हणजे २.२, आणि सेन्सर २ वर. तो बिचारा बरोबरच सांगत होता की पाणी आहे. तेच पावणेदोन लिटर रात्रभर वरखाली झाले असते, आणि सकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरली असती.

उपाय काय तर सेन्सरखाली १ सेंमीची प्लास्टिकची पट्टी ठेवून तो ३ सेंमीवर घेतला. एवढंच. पंप एकदा चालला, पाणी परत आलं, २.२ वर थांबलं, सेन्सर गप्प. सकाळपर्यंत आवाज नाही.

मला या सगळ्या फेरीतून जर एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे. दुकानात आपण विचारतो कुठला स्विच चांगला, फ्लोट की सेन्सर, पण उथळ बिल्जला प्रश्न वेगळा आहे. पंप कुठल्या उंचीला हवा ओढायला लागतो, पाइपातून परत येणारं पाणी किती उंची वाढवतं, आणि या दोन्हीची बेरीज स्विच चालू होण्याच्या उंचीपेक्षा कमी आहे का. कमी असेल तरच पंप शांत राहील. आणि उलट बाजूने, स्विच बंद होण्याची उंची पंप जिथे हवा ओढतो त्याच्या खाली गेली तर पंप कधीच बंद होणार नाही. आमच्याकडे ७ सेंमीत हे सगळं बसवायचं होतं, म्हणून एकेक सेंमीला किंमत.

पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकून हे सुटतं असं बरेच जण सांगतात. आम्हीही विचार केला, पण घरंगळत आलेला केसांचा गुंता किंवा काडी त्यात अडकली तर तो एकतर उघडा राहतो किंवा बंदच, आणि बंद राहिला तर खऱ्या अडचणीच्या वेळी पंप घुरघुरत राहणार आणि पाणी बाहेर नाही. शिवाय पंपाचा जोर कमी होतो तो वेगळाच. दुसरा काहीच इलाज नसेल तेव्हाच तो, आणि तोही दर मोसमात उघडून साफ करायचा असेल तर.

तिसऱ्या दिवशी हवेच्या दाबाचा स्विच. खाली एक उलटी वाटी, तिला बारीक नळी, नळीच्या वरच्या टोकाला स्विच. वाटीतली हवा पाण्याने दाबली गेली की स्विच लागतो. बिल्जमध्ये वीजच नाही ही कल्पना मला फार आवडते. पण आमच्याकडे तो ६ सेंमीला चालू झाला, म्हणजे फळ्या भिजायला आल्यावर. खोल जागेसाठी ठीक, आमच्यासाठी नाही. अर्ध्या तासात काढला.

मग उरलेल्या दिवसात सोबत आणलेला छोटा डायफ्राम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा) बसवला. हा बिल्जमध्ये नसतो, वर कोरड्यात असतो आणि खाली फक्त चपटी जाळी जाते, त्यामुळे तो पाणी सेंमीभरापर्यंत ओढून घेतो. त्याचा पाइप १९ मिमीचा, म्हणजे तेवढ्याच ३ मीटरमध्ये ०.८५ लिटर, आणि पंपाच्या आतल्या झडपाच पाणी धरून ठेवतात त्यामुळे परत येतं ते फारच थोडं. थोडा वेळ कोरडा चालला तरी जळत नाही. फक्त याचा वेग कमी, रोजच्या गळतीसाठीच तो, आणि पंपाच्या आधी एक गाळणी लागतेच कारण त्या झडपांत एक कण अडकला तरी पंप ओढत नाही.

आता कायमची व्यवस्था अशी ठेवलीय. डायफ्राम पंप सेन्सरवर, ३ सेंमीला. मोठा बुडवायचा पंप त्याच्या मागे, त्याला जुना फ्लोट स्विच, पण सेंमीभर उंच पट्टीवर आणि आता लांबीच्या दिशेने, आणि त्याच वायरवर मोठ्या आवाजाचा अलार्म. तो वाजला म्हणजे छोटा पंप पुरत नाहीये, उठा. फ्लोट आणि सेन्सर हे दोन वेगळ्या तत्त्वावर चालतात म्हणून एकाच कारणाने दोघं एकदम बंद पडण्याची शक्यता कमी.

वायरिंगचं थोडं. ऑटोची लाइन बॅटरीवरून थेट घ्या, मेन स्विच बंद करून बोट सोडून गेलात तरी पंप चालला पाहिजे. बॅटरीजवळ फ्यूज हवाच आणि तो पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच, मोठा नाही, कारण पंखा अडकला की करंट वाढतो आणि तेव्हा फ्यूज उडायला हवा, वायर तापायला नको. स्विच किती अँपिअर सोसतो तेही बघा, काही सेन्सर मोठ्या पंपाला चालत नाहीत, त्यांना मध्ये रिले (मोठा करंट सोसणारा विजेवर चालणारा स्विच) लागतो. पॅनेलवर ऑटो, बंद आणि हाताने असा तीन स्थितींचा स्विच, आणि जमलं तर पंप किती वेळा लागला ते मोजणारा काउंटर. काउंटर मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू आहे, रोज सकाळी आकडा वहीत लिहिते.

सेन्सर इंजिनच्या जवळ असेल तर त्याच्यावर तेलाचा थर बसतो आणि मग तो एकतर उगाच लागतो किंवा लागतच नाही. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि ओला हात लावून पंप लागतो का बघायचं. आणि इंजिनखाली वेगळा ट्रे ठेवा, आपोआप चालणारा पंप तेल आहे की पाणी ते बघत नाही, सगळं समुद्रात टाकतो.

चौथ्या दिवशी परतताना पुन्हा १० लिटर ओतले. वारा कमी होता, बोट दहा-बारा अंशच कलत होती, सेन्सर दोनदा लागला, दोन्ही वेळा एकाच दमात पाणी काढून गप्प. धक्क्याला लागल्यावर आता बाहेरचं पाणी किती येतंय तेही बघावं म्हणून बिल्ज स्पंजने पुसून कोरडं केलं आणि एक दिवस तसंच सोडलं. दुसऱ्या दिवशी शाफ्टच्या ग्लँडखालून एक बारीक ओली रेघ आलेली, बोटाला लागलं ते खारट. ग्लँडचं पॅकिंग बदलायला घेतलंय.