लाइट गेली तरी काम न बुडवणारी रेस्क्यू डिस्क : माझा अनुभव

परभणीत दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरची दुखणी ठरलेली. विंडोज उठत नाही, पासवर्ड विसरला, नाहीतर हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. अशा वेळी विंडोजऐवजी रेस्क्यू डिस्कवरून मशीन सुरू करून काम करतात. तयार मिळणारी सिस्टमरेस्क्यू चांगलीच आहे, पण दर वेळी तेच चार बदल हाताने करावे लागायचे. म्हणून डेबियन लिनक्सच्या लाइव्ह-बिल्डने (इन्स्टॉल न करता चालणारी डिस्क बांधायचं साधन) स्वतःची बांधली.

डेबियन १२ वरच थांबलो. १३ मध्ये ३२-बिट मशीनसाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) मिळत नाही, आणि तसली मशीन इकडे अजून कामावर आहेत. आयएसओ (डिस्कची अख्खी प्रत असलेली फाइल) दोन केल्या, ६४-बिटची एक नि ३२-बिटची एक.

पहिला अडथळा जागेचा. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क नुसती खोसून तिच्यावर बांधणी सुरू केली तर डीबूटस्ट्रॅप (मूळ डेबियन उभारणारा प्रोग्रॅम) लगेच नाही म्हणतो, कारण आपोआप माउंट झालेल्या, म्हणजे जोडल्या गेलेल्या डिस्कला 'नोडेव्ह' (डिव्हाइस फाइली चालू न देणारं बंधन) लागलेलं असतं. होम फोल्डरमध्ये १०-१५ जीबी मोकळी ठेवा, तिथेच बांधा. 'एलबी कॉन्फिग' (लाइव्ह-बिल्डची मांडणी ठरवणारी कमांड) देताना आर्काइव्ह-एरियाजमध्ये (कोणत्या विभागांतली पॅकेजेस घ्यायची ती यादी) नॉन-फ्री-फर्मवेअर घालायला विसरू नका, नाहीतर बऱ्याच लॅपटॉपचं वायफाय दिसत नाही.

आयएसओ आटोपशीर राहावी म्हणून शिफारशीची पॅकेजेस (मुख्य पॅकेजसोबत आपोआप येणारी जास्तीची) बंद केली आणि फसलो. डिस्क बूट झाली, पण लॉगिन होईना. लाइव्ह युजर तयार करणारं 'यूजर-सेटअप' आणि त्याच्यासोबतचं, अॅडमिनचे अधिकार देणारं 'सुडो' शिफारशीतूनच येतं. ती दोन नावं पॅकेजेसच्या यादीत हाताने लिहावी लागतात. यादीच्या फाइलचं नाव 'डॉट लिस्ट डॉट सीएचरूट' असं संपवा. शेपूट चुकलं तर एररही येत नाही, पॅकेज मात्र गायब.

यादीत डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टमॉनटूल्स, हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क (फाइली परत काढणारं फोटोरेक त्यातच येतं), विंडोजच्या डिस्कसाठी एनटीएफएस-३जी, बिटलॉकरसाठी (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) डिसलॉकर, पासवर्डसाठी सीएचएनटीपीडब्ल्यू, आणि मराठी फाइलनावांच्या जागी चौकोन दिसू नयेत म्हणून 'फॉन्ट्स-देवा'. बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की गिऱ्हाइकाकडून आधी मागून घ्या, ती किंवा बिटलॉकरचा पासवर्ड, की-फाइल यातलं काहीच नसेल तर डिसलॉकरही काही करू शकत नाही. खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या डीडीरेस्क्यूबाबत एक खोच आहे. डेबियनमध्ये 'डीडीरेस्क्यू' नावाचं पॅकेज दुसऱ्याच प्रोग्रॅमचं आहे. आपल्याला हवं ते 'जीडीडीरेस्क्यू'.

पुन्हा बांधताना साधं 'एलबी क्लीन' (जुनी बांधणी साफ करणारी कमांड) द्या. त्यापुढे 'पर्ज' लावलं की कॅशही (उतरवून ठेवलेली पॅकेजेस) पुसली जाते आणि मोबाइलच्या डेटावर सगळं परत उतरवत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. मरायला टेकलेल्या ५०० जीबी डिस्कची प्रत काढायला रात्र जाते, आणि आपल्याकडे रात्रीत लाइट एकदा तरी जाते. डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं, कोणता भाग खराब, हे मॅप फाइलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे काम पुढे चालू करता येतं. पण लाइव्ह डिस्कवरचं होम फोल्डर रॅममध्ये असतं. मॅप फाइल तिथे ठेवली की लाइट गेल्याबरोबर ती गेली. प्रत आहे, पण कोणता भाग भरला नि कोणता राहिला हे खात्रीने कळत नाही. म्हणून इन्क्लुड्स फोल्डरमधून (यातल्या फाइली आयएसओत जशाच्या तशा जातात) एक छोटी स्क्रिप्ट घातली. मॅपचा पत्ता रॅममधला निघाला तर ती कामच सुरू करत नाही. तिला देवनागरी नाव द्यायचा मोह झाला होता, पण काळ्या स्क्रीनवर ते टाइप कोण करणार?

स्क्रिप्ट दोन फेऱ्या करते. पहिली '-एन' लावून, म्हणजे खराब जागा न खरवडता चांगला भाग आधी निघतो. दुसरी '-आर३' लावून, उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. कमांडमध्ये आधी रोगी डिस्क, नंतर प्रत, हा क्रम उलटला तर डेटा संपला. म्हणून स्क्रिप्ट दोन्हींचं मॉडेल आणि सिरियल नंबर दाखवून मगच विचारते. प्रत एफएटी३२ वर घेऊ नका, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

माझी आयएसओ सव्वा जीबीच्या आसपास झाली, म्हणजे सीडीवर मावत नाही, डीव्हीडी लागते. पेन ड्राइव्हवर 'डीडी' कमांडने लिहिताना 'एसडीबी' (अख्खा ड्राइव्ह) द्या, 'एसडीबी१' (त्यावरचं पार्टिशन) नाही. पार्टिशनवर लिहिलेली आयएसओ बूट होत नाही. आपल्या ड्राइव्हचं नाव कोणतं ते आधी 'एलएसबीएलके'च्या (जोडलेल्या डिस्कची यादी) आउटपुटमध्ये बघाच. तरीही मी डीव्हीडी एक हाताशी ठेवतो, कारण जागोजागच्या कॉम्प्युटरमध्ये घातलेला पेन ड्राइव्ह शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो.

बूट झाल्यावर एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारची एसएसडी) दिसली नाही तर बायोसमध्ये डिस्कसाठी रेड (RAID) मोड आहे का पाहा. त्याऐवजी एएचसीआय मोड केला की दिसते, पण विंडोज अडू शकतं. काम झालं की मोड परत पूर्वीसारखा ठेवा.

डीटीपीवाल्याच्या मशीनवरून डेटा काढताना विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही उचला. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं डेटा खराब झाला.