अनंत खेंडातून परत आला

आमचं घर चिपळूणच्या सखल भागात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी अंगणात शिरलं आणि बघता बघता खिडक्यांच्या वर गेलं. घरातलं काय गेलं ते इथे लिहीत नाही, ते चिपळुणात बहुतेकांकडे गेलं. मला बागेबद्दल लिहायचं आहे.

पाणी उतरलं तेव्हा मागीलदारी वीतभर गाळ बसला होता. एक दिवस पाण्यात राहून झाड सहसा मरत नाही, पण असा चिकट गाळ मुळांवर बसला की खाली हवाच जात नाही. आम्ही आठवडाभर घर उपसत होतो. बागेकडे वळले तोवर मोगरा पिवळा पडला होता, जास्वंदींची खोडं मऊ झाली होती, अबोली कुठे होती तेही कळत नव्हतं. सासूबाईंनी लावलेला अनंत उभा होता, पण पानं काळी पडलेली. नखाने साल खरवडून पाहिली, आत हिरवं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी मी रडले. घरात इतकं नुकसान झालेलं असताना झाडासाठी रडायची लाज वाटली, म्हणून विहिरीमागे जाऊन रडले.

ऑगस्टच्या अखेरीस चिपळुणातल्याच खेंड भागातल्या काकू आल्या. त्यांचं घर चढावर, तिथे पाणी पोचलं नव्हतं. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अकरा काड्या. म्हणाल्या, "तुमचाच अनंत आहे गो. तुझ्या सासूनं दिलेली काडी, माझ्या धाकटीच्या बारशाला."

मग गुहागरहून वन्सं आल्या, दुहेरी गुलाबी जास्वंद आणि बटमोगरा घेऊन. माझी एक जुनी विद्यार्थिनी अलोऱ्याला असते, तिने करवंटीत रुजवलेली अबोली एसटीने मांडीवर धरून आणली. हे सगळं कधी ना कधी आमच्याच बागेतून गेलेलं. या दुहेरी जास्वंदीला आमच्याकडे बी धरलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यामुळे ती काडीनेच या घरातून त्या घरात जाते. आणि काडीतून आलेलं झाड हे पहिल्या झाडाचं मूल नसतं, तेच झाड असतं. तोच वास, तीच पाकळी. हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल, पण काकूंच्या पिशवीतल्या काड्या हातात घेतल्यावर ते मला खरं कळलं.

लावताना सासूबाईंची पद्धत जशीच्या तशी पाळली. काडी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर, फार कोवळी नाही, फार जून नाही. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे घाईत उलटी लागत नाही. दोन डोळे मातीत गेलेच पाहिजेत, मुळं तिथूनच सहज फुटतात. वरची दोनच पानं ठेवायची, तीही निम्मी कापून, कारण मुळं नसलेल्या काडीला पानांतून उडणारं पाणी भरून काढता येत नाही. गाळाची माती मी वापरली नाही. वन्सं गुहागरहून पिशवीभर वाळू घेऊन आल्या होत्या, ती आणि चाळलेलं जुनं शेणखत. खत अगदी मूठभरच, जास्त झालं तर काडी खालून कुजते. कुंड्या पडवीत, उजेडात पण उन्हात नाही, आणि पागोळीपासून लांब. पागोळीच्या धारेखाली काडी हलते आणि हललेली काडी जीव धरत नाही.

चाफ्याचं मात्र उलटं. त्याची फांदी तोडून आठ-दहा दिवस सावलीत नुसती ठेवायची, चीक सुकून काप कोरडा होऊ द्यायचा, मगच लावायची.

अनंताच्या अकरांपैकी सातांना पंधरवड्यात पालवी फुटली. मी हरखून सगळ्यांना फोन केले. पुढच्या आठवड्यात त्यातल्या तीन माना टाकून गेल्या. उपटून पाहिलं तर खाली एकही मूळ नव्हतं. काडी स्वतःत साठवलेल्या अन्नावर पालवते, ते संपेपर्यंत मुळं आली नाहीत तर खेळ संपला. तेव्हापासून पालवी पाहून मी कोणाला काही सांगत नाही. दीड-दोन महिन्यांनी काडी बोटाने हळूच ढकलून बघते. आतून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटली की ती रुजली.

चार जगल्या. दोन विहिरीजवळ आहेत, एक शाळेच्या आवारात, एक गुहागरला वन्संकडे. विहिरीजवळच्या एकाला तिसऱ्या उन्हाळ्यात पहिली कळी आली. ती मी तोडली नाही. संध्याकाळी उमलली तेव्हा पडवीपर्यंत वास आला आणि ह्यांनी टीव्ही बंद केला.

खेंडातल्या काकूंचा अनंत यंदा वाळवीने गेला. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर त्यांच्यासाठी पाच काड्या लावल्या आहेत. तिघींना पालवी आली आहे. काकू रोज फोन करून विचारतात. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.